अकरा वेली आणि एक अक्कलदाढ

मागचं दार उघडलं आणि माझ्या हातातला डबा खाली पडला. झाकण गडगडत थेट पायरीपर्यंत गेलं. मी ते उचललंही नाही... कारण समोर माझी बाग नव्हती!

सकाळी कामाला जाताना होती. अंगणभर मांडव, मांडवावर गच्च पानं, खाली हिरवीगार सावली – सगळं जागच्या जागी सोडून मी गेले होते. आणि आता दुपारी दोन वाजता तिथे गुडघ्याएवढे अकरा खुंट उभे होते. वर नुसतं आभाळ. कडेला माझ्या उंचीचा पानांचा ढीग, आणि ढिगाशेजारी उकिडवा बसलेला एक माणूस. त्याच्या हातात करवत होती आणि तो माझ्या बाराव्या वेलीकडे बघत होता.

दोन क्षण तोंडातून आवाजच फुटेना. मग जो फुटला तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला असणार.

"ए! कोण तू? ठेव ती करवत खाली!"

तो दचकून उभा राहिला. केसांत द्राक्षाचं एक पान अडकलेलं, शर्टावर लाकडाचा भुसा. "ताई, घाबरू नका–"

"मी घाबरलेले नाहीये! तुम्ही घाबरायला पाहिजे!"

"घाबरलोय," तो म्हणाला, आणि खरंच करवत खाली ठेवून दोन पावलं मागे सरकला.

"हे काय केलंत तुम्ही?"

"छाटणी."

"याला छाटणी म्हणतात? हे खून आहेत! अकरा खून!"

"बारावी वेळेवर वाचली," तो म्हणाला, आणि लगेच जीभ चावली. माझा चेहराच तसा झाला असावा.

तेवढ्यात आत्या दोन कप चहा घेऊन बाहेर आली. एक तिचा, एक त्याचा. मला बघून ती जागीच थबकली. "अगं ठकी, तू आत्ता कशी?"

"लॅबमधली भट्टी बिघडली. लवकर सोडलं. आत्या, हा माणूस–"

"मीच बोलावलंय त्याला. नर्सरीतला आहे. तीन वर्षं झाली, एक द्राक्ष लागलं नाही. म्हटलं, जाणत्या माणसाला दाखवावं."

"दाखवावं! कापून टाकावं असं नव्हे!"

आत्याने चहाचा कप त्याच्या हातात दिला आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की पाहुण्यासमोर एवढा आवाज चढवलेला तिला मुळीच आवडलेला नाही.

माझ्या ओरडण्याला कारण होतं. तीन वर्षांपूर्वी माझं ठरलेलं लग्न मोडलं. मुलाने तीन ओळींचा निरोप पाठवला, त्यातल्या दोन ओळी हवामानाबद्दल होत्या. रडून झाल्यावर मी उठले, नर्सरीत गेले आणि द्राक्षाची बारा रोपं मागितली. 'माणसं फसवतात, झाडं तरी फसवत नाहीत,' असं तिथल्या काकांना मी ऐटीत सांगितल्याचंही आठवतं. परसातल्या फुटक्या फरशांचा ढिगारा स्वतःच्या हाताने उपसला. खड्डे खणले, खांब रोवले, तारा ओढल्या. मी कवळ्या आणि दात बनवणाऱ्या लॅबमध्ये काम करते, त्यामुळे वेलींची नावंही तशीच पडली. दोन पटाशीचे, दोन सुळे, बाकीच्या दाढा. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी, कोपऱ्यात, उशिरा रुजलेली आणि सगळ्यांना ढोसत वाढलेली बारावी वेल म्हणजे अक्कलदाढ. तीन वर्षांत मी एकीलाही कात्री लावली नव्हती. माझा जीवच होत नसे.

"पुन्हा येईल सगळं," तो हळूच म्हणाला. "तीन आठवडे द्या मला."

प्रत्येक खुंटाच्या डोक्यावर पांढरी पट्टी घट्ट गुंडाळलेली होती आणि पट्टीतून बोटभर काडी वर डोकावत होती. दवाखान्याच्या बाकावर रांगेने बसलेले पेशंट बघावेत तसं मला झालं.

"ह्या पट्ट्या कशाला?"

"जखम झाकायला. त्या सोडू नका. अजिबात नाही... मी सांगेपर्यंत."

"आणि नाही फुटलं काही तर?"

"तर मी इथे येऊन उभा राहतो. तुम्ही मला छाटा."

"गुडघ्यापर्यंत?"

"तुम्हाला वाटेल तिथपर्यंत."

तो हसला तेव्हा दिसलं, त्याच्या पुढच्या दाताचा टवका उडालेला होता. रागाच्या भरातसुद्धा माझ्या मनाने त्या दाताची छटा नोंदवून घेतली. धंद्याची सवय, दुसरं काय.

"आणि अक्कलदाढ?" मी विचारलं.

"काय?"

"ही. बारावी."

त्याने वेलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. जरा जास्तच वेळ. करवत पिशवीत घालत म्हणाला, "ती उद्या."

उद्या तो आला. पण वारा फार होता म्हणे. परवा आला, तर करवतीला धार नव्हती. रविवारी धार होती, वाराही नव्हता, पण आत्याने सांगितलं की ठकीला आज सुट्टी आहे, तिला जरा माती भुसभुशीत करायला शिकव. तो शिकवत बसला आणि अक्कलदाढ पुन्हा उद्यावर गेली.

मी त्याच्याशी बोलत नव्हते. पहिला आठवडा तर नाहीच. दुसऱ्या आठवड्यात फक्त टोमणे मारले.

"काय हो, पेशंट कसे आहेत?"

"स्थिर आहेत, ताई."

"स्थिर म्हणजे मेलेले."

"मेलेले नाहीत. विचार करतायत."

एकोणिसाव्या दिवशी सकाळी मी दात घासत परसात गेले आणि ब्रश तोंडातच राहिला. डाव्या सुळ्याच्या काडीवर, पट्टीच्या जरा वर, काहीतरी फुगलं होतं. गुलाबी. कापसासारखं मऊ. मी वाकून बघितलं. शेजारच्या दाढेवरही! आणि पलीकडच्या...

"फुटलं!" मी तोंडातल्या फेसासकट किंचाळले. फाटकाची कडी वाजली आणि तो आत येताना दिसला, तर मी धावत जाऊन त्याचा हातच धरला. "फुटलं! बघा ना, फुटलं!"

तो वेलीकडे बघतच नव्हता. माझ्या हनुवटीवरून ओघळणाऱ्या टूथपेस्टकडे बघत होता. मी हात सोडला. चूळ भरायला आत पळाले आणि नळ सुरू ठेवून बराच वेळ तशीच उभी राहिले, कारण छातीत जे धडधडत होतं ते द्राक्षांमुळे नव्हतं. माझा मलाच धक्का बसला होता.

त्या दिवसापासून त्याने मला ताई म्हणणं सोडलं. त्याऐवजी दुसरं काहीच म्हणेना. नुसतं "ऐका ना..." आत्या स्वयंपाकघरातून ऐकायची आणि भांडी जरा जास्तच आवाज करून ठेवायची.

दिवस कसे गेले कळलं नाही. आठवड्यातून तीनदा तो यायचा. कोवळे फुटवे तारेवर चढवायला शिकवायचा. सुतळी अशी बांधायची की वेलीला आधार मिळावा पण गळफास बसू नये, हे तर त्याने मला सात वेळा दाखवलं. मला पहिल्याच वेळी जमलं होतं. पण सुतळी बांधताना बोटाला बोट लागायचं, म्हणून मी सातही वेळा नीट बघितलं. कधी दोघांच्या बोटांची गाठ सुटायला उगाच वेळ लागायचा. तेव्हा आम्ही दोघंही मांडवाकडे बघत असायचो... फार लक्षपूर्वक.

"तुमचा हा दात," मी एकदा म्हणाले, "मी बनवून देऊ शकते. टवका दिसणारसुद्धा नाही."

"विचित्र दिसतो का फार?"

"नाही. म्हणजे..." मी मातीत काडी टोचत राहिले. "राहू दे तसाच."

"राहू द्या," त्याने मला दुरुस्त केलं.

"राहू दे," मी म्हणाले. तो एवढा लाल झाला, की मला माझ्या अहोजाहोतून बाहेर पडण्याचा अजिबात पश्चात्ताप झाला नाही.

एक गोष्ट मात्र मधूनमधून खुपायची. नवी पानं निराळी होती. अक्कलदाढेचं पान गोलसर, तुळतुळीत, बदामाच्या आकाराचं. पूर्वी सगळ्यांचीच तशी होती. आता या अकरा वेलींना हाताच्या पंजासारखी पानं आली होती, कडेला बारीक करवती दाते असलेली. मी विचारलं तर तो म्हणाला, "छाटलेल्या वेलीचं पान जरा वेगळं येतं." आणि पाणी घालायला वळला. दिवसभर नकली दात असली दातांशेजारी ठेवून फरक शोधणारी मी, पण तेव्हा त्याच्या पाठमोऱ्या मानेकडे बघत राहिले आणि मुकाट्याने विश्वास ठेवला. प्रेमात पडलेल्या माणसाला काहीही सांगा!

चार महिने झाले. एका रविवारी सकाळी मी उजव्या सुळ्याभोवतीचं गवत काढत होते. ऊन खाऊन पट्टी कडक झाली होती. माझ्या हाताचा धक्का लागला आणि ती टरकन सुटली.

आतमध्ये खोड एक नव्हतंच!

खाली जाड, काळपट सालीचा खुंट. मधोमध चिरलेला. त्या चिरेत पाचरीसारखी बसवलेली तांबूस काडी. दोन साली, दोन रंग, आणि मध्ये केसासारखी रेघ. मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. हेच तर मी रोज करते. मूळ एकाचं ठेवायचं आणि वर दात दुसरा बसवायचा.

मी दुसरी पट्टी सोडली, मग तिसरी. अकराही तशाच. चार महिने मी ज्यांच्याशी बोलत होते, त्या माझ्या वेली नव्हत्याच.

"आत्या!"

आत्या दारात आली. सुटलेल्या पट्ट्या बघितल्या आणि पदराने तोंड पुसत सावकाश पायरीवर बसली. त्या बसण्यावरूनच मला कळलं.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"तू बोलावलंस ना त्याला?"

"नाही गं. तो आपणहून आला होता. तुला काहीतरी सांगायला. मीच म्हटलं, सांगू नकोस. करून टाक काय ते आणि मोकळा हो." तिने माझ्याकडे बघितलं नाही. "तू परत तशी होशील, ही भीती वाटली मला. तेव्हा आठ दिवस जेवली नव्हतीस तू."

पायात जे सापडलं ते घातलं – एक चप्पल माझी, एक आत्याची – आणि नर्सरीत गेले.

तो तिथे नव्हता. काका होते, त्याचे सख्खे काका, नर्सरीचे मालक. जाड चष्म्यातून त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे, आणि बसायला पालथी बादली पुढे केली.

"काका, बारा खुंटांवर कलम बांधायला किती दिवस लागतात?"

"दिवस? अर्धा दिवस. हात बसलेला असला तर त्याहून कमी."

"आणि नंतर? रोज येऊन काय काय करावं लागतं?"

"काही नाही! पाणी. वाढलं की तारेवर बांधायचं. घरचं माणूस करतं ते. आमचं काम तीन आठवड्यांत संपतं."

"एखादा खुंट राहिला असेल तर तो आता..."

"आता? मोसम कधीच उलटला, पोरी. आता पुढच्या वर्षी." मग डोळे बारीक करून म्हणाले, "तू ती परसवाली का? आमचा पठ्ठ्या चार महिने जातोय तिथे. मला वाटलं, दोन एकर बाग असेल!"

मी उठून उभी राहिले, तर मागे तोच उभा होता. हातात रिकामी टोपली. माझ्या मुठीतली पट्टी त्याने पाहिली आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"मागे चल," तो म्हणाला. "तुला काहीतरी दाखवायचंय. पहिल्याच दिवशी दाखवायला हवं होतं."

नर्सरीच्या मागच्या कुंपणावर बारा वेली होत्या. पंजासारखी पानं, आणि पानांखाली घड... हिरवे, पिकत आलेले, हाताला जड लागतील असे. मी आयुष्यात एवढी द्राक्षं वेलीवर पाहिली नव्हती.

"ह्या तुझ्या," तो म्हणाला.

"काय?"

"तीन वर्षांपूर्वी तू मागितलीस ती रोपं ही. तुला मिळाली ती जंगली. ज्यांच्या मुळावर कलम बांधतात ती. त्यांना नुसती पानं येतात, फळ कधीच नाही. रोपांना नावाच्या चिठ्ठ्या मी बांधल्या होत्या. जुड्या बदलल्या गेल्या. मी नवा होतो, पान ओळखता येत नव्हतं. मग दोन वर्षं दुसऱ्या मळ्यावर शिकायला गेलो. परत आलो, बघतो तर जंगली म्हणून कुंपणाला लावलेल्या वेलींना घड! रोपं पोचवायला मीच गेलो होतो, म्हणून तुझं घर आठवत होतं."

म्हणजे तीन वर्षं मी पाणी घातलं, नावं ठेवली, लॅबमध्ये सगळ्यांना 'पुढच्या वर्षी नक्की' असं सांगत राहिले... आणि त्या फळणारच नव्हत्या! शंभर वर्षांतसुद्धा!

"सांगितलं का नाहीस?"

"तू काकांना म्हणाली होतीस, झाडं तरी फसवत नाहीत. मी मागेच बसलो होतो, चिठ्ठ्या बांधत. ते वाक्य घेऊन तुझ्या दाराशी आलो आणि तोंडच उघडेना. ह्याच वेलींच्या काड्या तुझ्या खुंटांवर बांधल्या. म्हटलं, तुझं तुला परत मिळेल आणि तुला कळणारही नाही."

"मला न विचारता कापल्यास अकरा वेली."

"हो."

"माझ्या तोंडावर खोटं बोललास. पानांबद्दल."

"हो."

एवढंच म्हणाला. हवामानाबद्दल एक अक्षर नाही. मी भांडायला जी वाक्यं रस्ताभर जुळवत आले होते, ती त्या दोन 'हो'पुढे टिकेनात. पण एक प्रश्न उरला होता.

"मग चार महिने का येत होतास? अपराधी वाटत होतं म्हणून? माझी कीव येत होती म्हणून?"

"पहिल्या दिवशी, हो. चूक निस्तरायला आलो होतो." त्याने टोपली खाली ठेवली. "ती अर्ध्या दिवसात निस्तरली. बाराही करणार होतो त्या दुपारी. अकरा झाल्या, आणि दार उघडून तू ओरडलीस."

"मग?"

"मग एक ठेवली."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. वारा. धार. उद्या. परवा. माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर जाऊन बसत होती.

"अक्कलदाढ झाली असती तर माझं काम संपलं असतं," तो म्हणाला. "पुन्हा यायला काही कारणच नव्हतं. म्हणून... उद्या."

"आणि तीन वर्षांपूर्वी?" मी विचारलं. "चिठ्ठ्या बांधताना लक्ष कुठे होतं तुझं?"

त्याचे कान लाल झाले.

"कुठे होतं?"

"समोर," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "रडून डोळे सुजलेली एक मुलगी काकांशी तावातावाने बोलत होती. मी तिच्याकडे बघत होतो आणि हात आपले गाठी मारत होते."

"म्हणजे आता चूक माझी?"

"नाही! चूक माझीच. फक्त... कारण तू."

मी तिथून निघाले. फाटकापाशी पोचल्यावर त्याने हाक मारली, "ऐक ना... एक चप्पल वेगळी आहे." मी मागे वळले नाही. हसू दिसलं असतं.

पाच दिवस तो आला नाही. मीही बोलावलं नाही. लॅबमध्ये कवळ्यांचे दात घासत बसले आणि घरी आल्यावर परसात जाऊन उभी राहिले. अकरा वेली तारेवर चढत होत्या. त्यांना माहीतच नव्हतं, की मूळ एकीचं आणि फांदी दुसरीची आहे. दोन्ही मिळून नीट चाललं होतं त्यांचं. राग शोधला तर कुठे सापडेना. सापडली ती फक्त रिकामी संध्याकाळ, आणि बांधून देणारं कोणी नसलेली सुतळी.

सहाव्या दिवशी फाटकाची कडी वाजली. तो होता. हातात चाकू, पट्टी आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली एकच काडी. चेहरा असा, की जणू स्वतःची शिक्षा स्वतःच घेऊन आला होता.

"मोसम नाही," तो म्हणाला, "पण प्रयत्न करून बघतो. ही राहिलेली करून टाकतो, म्हणजे काम पूर्ण होईल. मग तुला त्रास नाही... मी यायचा."

तो अक्कलदाढेपाशी बसला. पिशवीतून करवत काढली. खिडकीला टेकून ती वेल आपली ऐसपैस पसरली होती. तुळतुळीत, निर्धास्त, एकही द्राक्ष न देणारी. करवतीचं पातं सालीला टेकलं आणि माझ्या काळजात चर्र झालं. पहिल्या दिवशी झालं होतं त्याहून जास्त.

"थांब!"

तो थांबला.

"आज नको," मी म्हणाले. "वारा आहे."

त्याने वर बघितलं. एक पान हलत नव्हतं.

"उद्या करू," मी म्हणाले.

"उद्या?" त्याने विचारलं.

"उद्या धार नसेल कदाचित. मग परवा." मी त्याच्या शेजारी मातीत बसले आणि त्याच्या हातातली करवत काढून घेतली. "आणि पुढच्या वर्षी मोसम आला, तरी मला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. मी काय म्हणणार आहे ते तुला माहीत आहे."

त्याने माझा हात धरला. या वेळी दोघांच्या मध्ये सुतळी नव्हती. तो हसला, टवका उडालेल्या दातासकट, आणि मी पहिल्यांदा मांडवाकडे न बघता सरळ त्याच्याकडे बघितलं.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून, अक्कलदाढेच्या पानांआडून, आत्याचा आवाज आला. "ठकी, चहा किती कप टाकू गं?"

"तीन," मी म्हणाले. "आणि उद्याही तीनच."